नाकातला खांब

'डॉक्टर म्हणाले, नाकाचे हाड वाढले आहे.' हे वाक्य कधी ऐकू आले नाही असे मराठी घर विरळाच. वस्तुतः तेथे बहुधा काही वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो तो पुढे कूर्चेचा, म्हणजे कोवळ्या हाडाचा, आणि मागे पातळ हाडांचा असतो. जन्मतः, वाढीच्या वयात किंवा आपटल्यामुळे तो एका अंगाला कलतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. अगदी ओळंब्यात असलेला पडदा फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि बहुतेकांचे त्यावाचून काही अडत नाही. पण 'वाढले' हा शब्द एकदा मान्य केला की 'कापा' हा शब्द त्याच्यामागून आलाच! गंमत अशी की, हा मोह मोठमोठ्या शल्यविशारदांनाही सुटला नाही.

नाकाचा इतिहास म्हटला की आपल्याला कावसजी आठवतो. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचे नवे नाक मिळाले, आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकिगत छापून आली. परंतु ती कारागिरी बाहेरच्या नाकाची. आतला अंधार उजळायला पुढे बराच काळ जावा लागला.

१८७५ साली लंडनच्या विल्यम अॅडम्स यांनी वाकडा पडदा चिमट्यात धरून जोराने सरळ करण्याची रीत सांगितली. तो सरळ राहावा म्हणून पुढे काही दिवस आतून दाब द्यायचा. रोग्याचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. न्यूयॉर्कच्या अॅश यांनी १८९० मध्ये पडद्याला फुलीसारखे छेद देऊन तो वळवला. शिकागोच्या इंगल्स यांनी तर १८८२ सालीच कूर्चेचा तुकडा कापून काढला होता. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करण्यासाठी कोकेन वापरून दाखवले. नाकात तर त्याचा दुहेरी लाभ झाला. वेदना थांबे आणि रक्तवाहिन्या आकसून रक्तही कमी जाई. शल्यविशारदाला सावकाश काम करायला उसंत मिळाली.

त्या उसंतीचे चीज केले शिकागोच्या फ्रीअर यांनी १९०२ मध्ये आणि जर्मनीतील फ्रायबुर्गच्या किलियन यांनी १९०४ मध्ये. पडद्याचे दोन्ही बाजूंचे अस्तर अलगद सोडवायचे, मधली वाकडी कूर्चा आणि हाड काढून घ्यायचे आणि अस्तरे पुन्हा मिटवायची. श्वास मोकळा झाला. मात्र हा पडदा नुसती आडभिंत नव्हे. नाकाच्या छपराला पेलणारा खांबही तोच. किलियन यांना हे उमगले होते. वरच्या आणि पुढच्या कडेला सुमारे एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी राखावी, असा त्यांचा आग्रह होता. जेथे हात सैल सुटला तेथे नाक मधोमध खोगिरासारखे खचले. अस्तर फाटले तर पडद्याला कायमचे भोक पडले. लहान मुलांत तर नाकाची वाढच खुंटण्याचे भय.

कूर्चा हा शत्रू नव्हे, हे ध्यानात यायला आणखी एक पिढी जावी लागली. १९२९ साली मेट्झेनबाउम यांनी पडद्याचे सरकलेले पुढचे टोक काढून न टाकता दारासारखे फिरवून जागेवर बसवले. पुढे शिकागोच्या मॉरिस कॉटल यांनी, विशेषतः १९५८ च्या लेखातून, पडदा होईल तितका राखून सरळ करण्याची पद्धत घडवली. मला या माणसांचे कौतुक वाटते ते यासाठी की, ज्याच्याकडे चाकू आहे त्याने कमी कापावे, हे सोपे नसते.

आणि तरीही एक प्रश्न उरलाच होता. या खटाटोपाने रोग्याला खरोखर बरे वाटते का? त्याची शिस्तशीर परीक्षा शतक उलटल्यावर झाली. नेदरलँड्समध्ये २०३ प्रौढांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ मध्ये, तर ब्रिटनमधील ३७८ प्रौढांवरचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये एका गटाची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला सहा महिने मिठाच्या पाण्याचे आणि स्टेरॉइडचे फवारे दिले. फवाऱ्याने अस्तराची सूज उतरते, कूर्चा सरळ होत नाही. सहा महिन्यांनी त्रासाचे गुण मोजले: ११० पैकी शस्त्रक्रियेच्या गटाचे सरासरी सुमारे २०, फवाऱ्याच्या गटाचे जवळजवळ ४०.