आमच्या सोसायटीचं इंटरनेट: मोडेमपासून फायरवॉलपर्यंत

सोसायटी उभी राहिली तेव्हा वैरागात इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम. नेट लावलं की फोन बंद! आता घरोघरी फायबर आणि जिन्यात कॅमेरे. पण 2016 मध्ये ‘मिराई’ने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेली कॅमेऱ्यांसारखी लाखो उपकरणं ताब्यात घेतली, त्यांच्या माऱ्याने 21 ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. मालकांना पत्ताही नव्हता. म्हणून मी कंपनीच्या डब्यामागे वेगळा फायरवॉल राऊटर बसवला. कॅमेरे एका जाळ्यात, बँकेचा मोबाईल दुसऱ्यात. ओटीपी आपणच सांगितला तर तो काय करणार, ते सोडा. मग पार्किंगच्या कॅमेऱ्यांनाही तसाच लावला. चेअरमनसाहेबांना मोबाईलवर पार्किंग दिसेना. व्हीपीएन जोडून द्यायला दोन संध्याकाळी गेल्या.