एका मताचा अध्यक्ष

लोकशाहीच्या कारभारात मतमोजणी हे काम वरवर पाहता अगदी रुक्ष होय. मते मोजावी, बेरीज करावी आणि ज्याची बेरीज अधिक त्याच्या गळ्यात माळ घालावी. यात वादाला जागा ती कोठली? परंतु कोणती मते खरी धरावयाची आणि ती मोजावयाची कोणी, हे प्रश्न एकदा उभे राहिले म्हणजे याच रुक्ष कामातून राष्ट्र फुटण्याची वेळ येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांवर असा प्रसंग १८७६ साली गुदरला.

यादवी युद्ध संपून तेव्हा अकरा वर्षे झाली होती. गुलामगिरी नष्ट झाली होती आणि १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांचा मताधिकार मान्य झाला होता. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, तो याच दास्यविमोचनाच्या गौरवासाठी. तथापि कागदावर आलेले स्वातंत्र्य आणि मतपेटीपर्यंत पोहोचलेले स्वातंत्र्य यांत केवढे अंतर असते, हे पुढच्या तीनच वर्षांत दिसून आले.

७ नोव्हेंबर १८७६ रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते ओहायोचे गव्हर्नर रदरफर्ड हेज. डेमोक्रॅट पक्षाचे, न्यूयॉर्कचे गव्हर्नर सॅम्युएल टिल्डन. जनतेच्या एकूण मतांत टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे होते. परंतु तेथे अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक. त्यांची संख्या ३६९, म्हणजे विजयाला १८५ मते हवीत. टिल्डन यांच्या पदरी १८४ पडली, हेज यांच्या १६५. उरलेल्या वीस मतांवर दोघांनीही हक्क सांगितला. फ्लॉरिडाची चार, लुइझियानाची आठ, साउथ कॅरोलिनाची सात आणि ऑरेगॉनचे एक, अशी ती वीस मते. ऑरेगॉनचा वाद तर केवळ एक निर्वाचक पोस्टमास्तर होता म्हणून निघाला. सरकारी नोकराला निर्वाचक होण्यास घटनेची मनाई होती.

दक्षिणेतील तीन राज्यांत मात्र गोष्ट साधी नव्हती. तेथे गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी कृष्णवर्णीय मतदारांवर दहशत बसविली होती. साउथ कॅरोलिनातील हँबर्ग गावी त्याच वर्षीच्या जुलैत पकडलेल्या कृष्णवर्णीयांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. उलट मते तपासणारी मंडळे रिपब्लिकनांच्या हाती होती, आणि लुइझियानाच्या मंडळाने डेमोक्रॅटांची हजारो मते रद्द केली. एकाने मतदार अडविला, दुसऱ्याने मत पुसले. मग खरा विजयी कोण?

घटनेकडे पाहावे, तर तेथेही उत्तर नव्हते. सिनेटच्या अध्यक्षाने निर्वाचकांची प्रमाणपत्रे उघडावी ‘आणि मग मते मोजली जावी’, एवढाच तिचा आदेश. आपले शाळामास्तर कर्मणी प्रयोग शिकवतात, तो हा! मोजली जावी, पण कोणाकडून? सिनेट रिपब्लिकनांचे, प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांचे; दोघांचे कर्ते अर्थातच निराळे. ‘टिल्डन नाहीतर रक्त’ अशा घोषणा उठू लागल्या.

अखेर जानेवारी १८७७ मध्ये कायदा करून पंधरा जणांचे मंडळ नेमण्यात आले: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. सात एका पक्षाचे, सात दुसऱ्याचे. पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस कोणत्याच पक्षाचे नव्हेत, अशी ही योजना. पण ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने डेव्हिस यांना सिनेटवर निवडले आणि त्यांनी मंडळावर येण्याचे नाकारले. त्यांच्या जागी आलेले न्यायमूर्ती ब्रॅडली रिपब्लिकन होते. महत्त्वाच्या प्रत्येक प्रश्नावर आठ विरुद्ध सात असा कौल पडला आणि वीसच्या वीस मते हेज यांना मिळाली. २ मार्चच्या पहाटे निकाल जाहीर झाला: १८५ विरुद्ध १८४.

रक्त सांडले नाही, हे खरे. पण ते का सांडले नाही? फेब्रुवारीच्या अखेरीस वॉशिंग्टनमधील वर्म्ली हॉटेलात दोन्ही पक्षांचे पुढारी खलबतास बसले होते. तेथील बोलण्याने निकालाला कितपत हातभार लागला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. घडले ते मात्र असे: हेज अध्यक्ष झाले आणि साउथ कॅरोलिना व लुइझियाना येथील रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी उभे असलेले सैन्य एप्रिलमध्ये बराकीत परतले. ती सरकारे कोसळली. पुढे दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार हळूहळू हिरावला गेला. तो खऱ्या अर्थाने परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. दैवाचा खेळ असा, की त्या वर्म्ली हॉटेलचा मालक स्वतः कृष्णवर्णीय होता!

डेमोक्रॅट हेज यांना ‘लबाडीने आलेला अध्यक्ष’ म्हणत राहिले. पण १८७८ मध्ये सांकेतिक तारा उकलून छापल्या गेल्या, तेव्हा टिल्डन यांचा सख्खा भाचाच निर्वाचकांची मते विकत घेण्याच्या खटपटीत होता, हे उघड झाले. आपल्याला त्याची गंधवार्ता नव्हती, असे टिल्डन यांनी सांगितले.

मोजणीचे नियम ठरविणारा कायदा १८८७ मध्ये झाला. वाद त्यानेही मिटले नाहीत. २००० साली फ्लॉरिडातील ५३७ मतांवर अध्यक्षपद ठरले. २०२० च्या निवडणुकीनंतर जुन्या कायद्यातील संदिग्धतेचा आधार घेण्याचा प्रयत्न झाला, म्हणून २०२२ मध्ये तो सुधारावा लागला.

१८७६ साली कोण जिंकले, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, कारण जी मते भीतीने पेटीत पडलीच नाहीत ती कोण मोजणार? दोन्ही पक्ष मोजणीवर भांडले आणि शेवटी तडजोडीला आले. त्या तडजोडीची किंमत मात्र ज्यांना खलबतात जागाच नव्हती, त्यांनी भरली. म्हणून निकाल न्याय्य होता काय, असे विचारताना बेरजेवर थांबू नये. मतदाराला घरापासून पेटीपर्यंत निर्भयपणे जाता आले काय, हे आधी विचारावे.