मीठ मागणारे मूल

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. अंगावर अकाली तारुण्याच्या खुणा. घरी तो खारी बिस्किटे चाटायचा ती वरच्या मिठासाठी. मीठदाणी हाती लागली की नुसते मीठच खायचा. बोलू लागला तेव्हा अगदी सुरुवातीच्या शब्दांत ‘मीठ’ होता. रुग्णालयात त्याला इतर मुलांसारखेच जेवण मिळाले आणि सात दिवसांत तो दगावला. लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर यांनी १९४० मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली. आईबापांनी हट्ट म्हणून जे पुरवले, त्यावरच ते पोर जगले होते.

त्याच्या अधिवृक्क ग्रंथी वाजवीपेक्षा मोठ्या निघाल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके घडवतात. त्याला असलेल्या जन्मजात आजारात बहुतेकदा २१-हायड्रॉक्सिलेझ नावाचे विकर कमी पडते. कॉर्टिसॉल तयार होत नाही, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तगादा लावत राहते. त्या तगाद्याने अधिवृक्क फुगतात, पण अडलेला कच्चा माल वळतो तो पुरुषी संप्रेरकांकडे. अल्डोस्टेरॉनही तुटपुंजे असेल, तर शरीरातले मीठ लघवीवाटे वाहून जाते.

नेपल्समध्ये लुइजी दे क्रेक्कियो यांनी १८६५ मध्ये एका शवविच्छेदनाचा वृत्तांत लिहिला होता. आयुष्य पुरुष म्हणून काढलेल्या त्या व्यक्तीच्या पोटात गर्भाशय आणि बीजकोश होते, आणि अधिवृक्क ग्रंथी प्रचंड वाढलेल्या. मरण उलट्या, जुलाब आणि कमालीच्या अशक्तपणाने आलेले. आज वाचताना सारा आजार त्या पानांत दिसतो. त्या काळी मात्र संप्रेरक ही कल्पनाच जन्मली नव्हती.

पुढे शल्यविशारदांनी वाढलेल्या ग्रंथीचा तुकडा कापून पाहिला. जास्त काम करते ती ग्रंथी कमी करा, हा विचार वरवर बरोबर वाटतो. पण मुळात उणीव होती कॉर्टिसॉलची. मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसॉलचे काम करणाऱ्या कॉर्टिसोनचा गुण दिसला आणि वाट मोकळी झाली. विल्किन्स यांनी १९५० मध्ये या आजारात कॉर्टिसोन दिल्याचा निष्कर्ष छापला: लघवीतले पुरुषी संप्रेरकांचे अवशेष झपाट्याने उतरले. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये फ्रेडरिक बार्टर आणि फुलर ऑलब्राइट याच निष्कर्षाला पोहोचले. हवे ते संप्रेरक बाहेरून मिळाल्यावर पीयूषिकेचा तगादा थांबला होता. अंतःस्रावशास्त्रात इतका सरळ आणि इतका देखणा पुरावा क्वचितच मिळाला असेल.

औषध आले, तरी मुलगे हातचे जातच राहिले. मुलीच्या बाह्य जननेंद्रियातला वेगळेपणा जन्मतःच शंका जागवतो. मुलगा मात्र धडधाकट दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकाएकी उलट्या होऊन कोसळतो. अशी किती बाळे जुलाब-उलट्यांचे बळी म्हणून पुरली गेली, याची मोजदाद कोण करणार? १९७७ मध्ये साँग्या पँग, मारिया न्यू आणि सहकाऱ्यांनी टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबात अडून साचलेला तो कच्चा माल, म्हणजे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, मोजण्याची पद्धत दिली आणि अलास्कातल्या युपिक लोकांत, जिथे हा आजार विलक्षण प्रमाणात आढळतो, चाचणी सुरू झाली.

भारतात गोव्याने २००८ मध्ये नवजात बालकांची तपासणी हाती घेतली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांवर लाखाहून अधिक बाळे तपासली, तेव्हा सुमारे ५,७६२ बाळांमागे एकाला हा आजार निघाला. देशभर मात्र ही चाचणी अजून सक्तीची नाही, आणि लक्षण दिसेपर्यंत थांबण्याइतका अवकाश या बाळांना नसतो.