पाण्याची रेल्वे आणि जमिनीखालचं पेट्रोल

 

१२ एप्रिल २०१६. मांजरा धरण आटलेलं, आणि मिरजेहून निघालेली 'जलदूत' लातूर स्टेशनात आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. या वाघिणी तेल वाहून नेणाऱ्या. म्हणून आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. लोखंडी टाकी वाफेने धुता येते हो, पण तेच तेल जमिनीत मुरलं तर जमीन कशी धुणार?

आधी एक साधा हिशोब. आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं. बेंझीन कॅन्सरला कारण ठरतं हे सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १ लिटर पेट्रोलमध्ये ८ ग्रॅमच्या आसपास बेंझीन असू शकतं. भागाकार करून बघा. ८ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकवायला तेवढं पुरेसं आहे. म्हणजे ज्या पाण्यासाठी आपण रेल्वेची वाट बघत बसलो, त्याच्या दीडपट पाणी एका बाटलीभर पेट्रोलने बिघडू शकतं.

हा धोका जगाला उशिराच कळला. पंपाची टाकी जमिनीखाली पुरतात ती आगीच्या भीतीने. पण उघडं पोलाद मातीत गंजतं, आणि खाली काय गळतंय ते वर कुणाला दिसत नाही. अमेरिकेने १९८४ मध्ये यासाठी कायदा केला, १९८८ मध्ये नियम काढले आणि जुन्या टाक्या सुधारा नाहीतर काढा म्हणून डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली.

सफाईची पद्धतही त्याच काळात रुळली. दूषित माती उकरून दुसरीकडे टाकली तर दुखणं फक्त जागा बदलतं. म्हणून जमिनीत भोकं पाडलेले पाइप उतरवतात आणि वर ब्लोअर लावून हवा ओढतात. पेट्रोल लवकर उडणारं, त्यामुळे मातीच्या कणांमधली त्याची वाफ हवेबरोबर वर येते. डिझेल एवढं उडत नाही, तिथे ही युक्ती कमी पडते.

वर आलेली वाफ तशीच हवेत सोडली तर शेजाऱ्यांच्या नाकात जाणार. ती कोळशाच्या गाळणीतून नेतात, जाळतात, किंवा ओलसर कंपोस्टच्या थरातून सोडतात. कंपोस्टमधले जिवाणू ती वाफ खातात, उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ही कल्पना तशी जुनी. १९५७ मध्ये रिचर्ड पॉमेरॉय या अमेरिकन माणसाने दुर्गंधी मारण्यासाठी जिवाणूंच्या थराचं पेटंट घेतलं होतं. उकिरड्याचं खत होताना बघितलेल्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

अमेरिकेतल्या हिल हवाई तळावर जानेवारी १९८५ मध्ये सुमारे १ लाख लिटर विमानाचं इंधन सांडलं. १९८८ च्या अखेरीस तिथे वाफ ओढायला सुरुवात झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. ओढलेल्या हवेमुळे जमिनीतल्याच जिवाणूंना ऑक्सिजन मिळत होता, आणि बरंच इंधन ते जागेवरच फस्त करत होते. मग जमिनीला नुसती हळूहळू हवा देण्याची पद्धतही रूढ झाली.

आपल्याकडे? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल समुद्रात गेलं. किनाऱ्यावरच्या तेलकट मातीसाठी 'टेरी' संस्थेचं 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचं मिश्रण वापरलं गेलं. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये लोकांच्या बोअरमधून इंधन मिसळलेलं पाणी आलं. कारण निघालं भारत पेट्रोलियमच्या पाइपलाइनची गळती. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. समुद्रावरचं तेल सगळ्यांना दिसतं, बोअरमधलं मात्र वास आल्यावरच कळतं.

आता नांदेड-लातूरचं बघा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या हालचालीचा ताण जमिनीतल्या पाइपांवर येतो. ओली काळी माती एवढी चिकट की तिच्यातून हवा ओढणं महाकठीण. मुरमातून जमतं. पण इंधन पाषाणाच्या भेगेत उतरलं तर कुठल्या बोअरमध्ये निघेल याचा नेम नाही. कंपोस्टचा थरही आपल्या मे महिन्यात रोज ओला ठेवावा लागेल. थोडक्यात, बाहेरची मशीन आणली आणि चालू केली, इतकं हे सोपं नाही. आपल्याकडे गळती होऊ न देणं हेच सगळ्यात स्वस्त.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० ला नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून अंतर ५० मीटर, आणि कुठल्याही परिस्थितीत ३० मीटरपेक्षा कमी नाही. पण वस्तीच्या मधोमध आलेल्या जुन्या पंपांचं काय?

म्हणून दोन्ही महापालिकांना विचारायचे प्रश्न तीनच. शहरातल्या प्रत्येक पंपाची टाकी किती वर्षांची आणि गळती-चाचणी कधी झाली? बंद पडलेल्या पंपांच्या टाक्या काढल्या की तशाच पुरल्या? अशा जागेवर बांधकाम परवाना देताना माती आणि बोअरचं पाणी तपासलं का?

आणि घरच्या पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास आला तर ते पिऊ नका, उकळूही नका, बोअरजवळ काडी ओढू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. वास बऱ्याचदा एकाच गल्लीत येतो, म्हणून शेजाऱ्यांनाही विचारा. दहा घरांचा एक अर्ज गेला तर साहेबांना तो बाजूला ठेवणं जड जातं.