वेदीपाशी उभा राहिलेला प्रापंचिक

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधील माणसाला धर्मगुरूवाचून धर्म कसा चालतो हे पोथीतून शिकावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधील कुटुंबे येऊन राहिली, तेव्हा त्यांची मंदिरे मागेच राहिली होती. देव्हारा खोलीच्या कोपऱ्यात मांडला गेला आणि प्रार्थना घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटली. म्हणून आजचा विषय श्रोत्यांना प्रथमदर्शनी वाटेल तितका परका नाही.

आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेले आम्ही या विषयाकडे वळलो ते एका सहकाऱ्यामुळे. आमच्या युनियनचे ते जुने सभासद. आठवडाभर मशीनवर असतात, आणि रविवारी मिस्साबलिदान आटोपले की धातूची एक लहानशी डबी जपून घेऊन अंथरुणाला खिळलेल्या दोघातिघांच्या घरी कम्युनियन पोहोचवतात. "म्हणजे तुम्ही अर्धे पाद्रीच झालात," असे आम्ही एकदा थट्टेने म्हणालो. ते म्हणाले, "छे हो दादा, मी बदली."

हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी बदली कामगार पाळीच्या वेळी दरवाजाशी येऊन उभा राही. कायम माणूस गैरहजर असला तर त्याला साचा मिळे, नाहीतर तो घरी परते. कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यात कम्युनियन देणारे नेहमीचे सेवक तीनच आहेत: बिशप, धर्मगुरू आणि डीकन. बाकी सारे 'असाधारण सेवक'. आमच्या सहकाऱ्याने त्याचे मराठी भाषांतर अगदी अचूक केले होते!

पण इतिहास पाहू गेल्यास हा बदली माणूस फार जुना निघतो. पहिल्या शतकांत भाविक लोक कम्युनियन घरी नेऊन ठेवीत व आठवड्यात स्वतःच्या हाताने घेत. पुढे ते केवळ दीक्षित हातांकडे गेले. मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि प्रापंचिकाकडे ऐकणे व गुडघे टेकणे एवढेच उरले. पोर्तुगीजांबरोबर कॅथलिक धर्म कोकणात आला तो या स्वरूपात.

तथापि ज्याला वेदीपाशी जागा नाही, तो वेदीबाहेर जागा करतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूरला छापलेले मराठी 'क्रिस्तपुराण' लोकांनी आपल्या भाषेत ऐकले. गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांतील मेस्त्री मुलांना सूर आणि धर्म दोन्ही शिकवी, आणि वाड्यावरच्या क्रुसापुढे लदीन गायची वेळ आली की तोच पुढे होई. त्यासाठी पाद्री लागत नसे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांनी आपापल्या गावठाणांत क्रूस उभारले. साथ ओसरली, क्रूस राहिले. गिरगावात, वांद्र्यात, साष्टीच्या जुन्या पाखाड्यांत मे महिन्यात तेथे प्रार्थना होते. शेजारपाजारची मंडळी जमतात आणि एखादी वयस्क बाई किंवा बाप्या सुरुवात करून देतो. त्याला कोणी नेमलेले नसते. आमच्या मते मुंबईच्या इतिहासकारांनी गिरण्यांच्या भोंग्यांइतकेच या क्रुसांकडेही लक्ष द्यायला हवे होते.

आणि पाद्री मुळीच नसेल तर? जपानात १६१४ च्या बंदीनंतर काही दशकांत एकही धर्मगुरू उरला नाही. नागासाकीच्या परिसरातील शेतकरी व कोळी यांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ आपापसांत कामे वाटून घेतली: एकाने सणावारांचे पंचांग सांभाळायचे, दुसऱ्याने बाप्तिस्मा द्यायचा. १७ मार्च १८६५ रोजी त्यांच्यापैकी काहीजण नव्या चर्चमध्ये फ्रेंच पाद्र्यापुढे उभे राहिले. बाप्तिस्मा त्यांनी जपला. मिस्साबलिदान मात्र करता आले नव्हते. ती सीमा त्यांनी ओलांडली नाही. आमचे श्रोते येथे सत्यशोधक समाजाची आठवण काढतील. १८७३ साली जोतीरावांनी पुरोहितावाचून लग्न लावून दाखवले, ते पुरोहित नकोच म्हणून. कॅथलिक प्रापंचिक तसे म्हणत नाही. तो पुरोहिताची वाट पाहत काम चालवतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी हे मान्य केले की वाचक, गायक आणि वेदीवर मदत करणारे हेसुद्धा उपासनेतील खरीखुरी सेवाच करतात. पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल मुंबईला येऊन गेले. लॅटिन मागे सरली, मराठी वेदीवर आली, आणि भाषा आल्यावर ती वाचणारा माणूसही येणारच. २९ जानेवारी १९७३ रोजी रोमने प्रापंचिकांना कम्युनियन देण्याची परवानगी दिली. अटी अशा: धर्मगुरू उपलब्ध नसावा, किंवा आजारपणामुळे, वयामुळे वा दुसऱ्या सेवेत गुंतल्यामुळे त्याला ते शक्य नसावे, किंवा रांग इतकी मोठी असावी की उपासना फारच लांबेल. १९९७ मध्ये रोमच्या आठ कार्यालयांनी मिळून पुन्हा बजावले की बदलीला नेहमीचा करू नका. हे पत्रक वाचताना आम्हाला क्षणभर व्यवस्थापनाची नोटीसच वाचत असल्यासारखे वाटले. असो, आमची ती सवय आहे.

खरी तक्रार स्त्रियांची होती. १९७२ च्या नियमाने वाचक आणि वेदीसेवक ही पदे प्रापंचिकांना खुली झाली, पण विधिपूर्वक नेमणूक फक्त पुरुषांची. बाया त्या त्या वेळेपुरत्या उभ्या राहून वाचत होत्या. काम तेच, हजेरीपटावर नाव नाही. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्यातही गंमत अशी की विधिपूर्वक नेमलेला वेदीसेवकसुद्धा कम्युनियन देण्यापुरता असाधारणच राहतो.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही सहकाऱ्याला विचारले, कायम व्हावेसे वाटत नाही का? त्यांनी घड्याळ पाहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्यांची वाट पाहत होत्या. आजाऱ्याला उपवासाचा नियम लागू नाही असे त्यांना कितीदा सांगितले, पण डबी उघडेपर्यंत त्या चहासुद्धा घेत नाहीत. "त्यांचा चहा खोळंबलाय," असे म्हणून ते जिना चढू लागले.