चढाची बाजू

गाडी ४२१ क्रमांकाच्या महामार्गावरून खाली उतरवा. काच खाली करा, डिसेंबरची थंडी आत येऊ द्या. साल २०१९. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा हा डोंगराळ भाग, विल्क्स काउंटी. समोर प्रेक्षकांचा एक जुना स्टँड उभा आहे. त्याच्या आसपासच्या विटलेल्या पाट्या अजूनही विन्स्टन कप या मोटारशर्यतींच्या मालिकेची जाहिरात करताहेत. त्या नावाची मालिका संपून सोळा वर्षं झाली, पण पाट्या काढायलाही इथे कुणी आलेलं नाही.

हे नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे. आत चला. पायाखालचं डांबर १९८१ साली घातलेलं. त्याच्या भेगाभेगांतून गवत वर आलंय, कुठेकुठे झुडपं गुडघ्याला लागताहेत. आणि या शांततेत गवत कापायच्या यंत्रांची घरघर चालली आहे. वाकून तण काढणाऱ्या माणसांत एक चेहरा सारा देश ओळखतो. डेल अर्नहार्ट ज्युनियर. चाहत्यांनी सलग पंधरा वर्षं ज्याला सर्वांत लाडका चालक म्हणून निवडलं, तो आज इथे इतरांबरोबर साफसफाई करतोय. मैदान पुन्हा सुरू होईल अशी आशा त्या दिवशी फारशी कुणाला नाही. ट्रॅकची लेझरने मोजणी करून तो निदान संगणकावरच्या शर्यतीत तरी जसाच्या तसा जपावा, एवढाच बेत आहे. मोजणीच्या यंत्राला डांबर दिसायला हवं, म्हणून हे गवत काढणं.

ओसाड पडलेल्या एका ट्रॅकसाठी माणसं एवढी का झटतात? ते कळायला मागे जावं लागेल.

१८ मे १९४७, रविवार

डांबर नाहीसं झालं. पायाखाली तांबडी माती आहे, डोळ्यांत तांबडी धूळ. एनॉक स्टेली नावाच्या इथल्याच माणसाने भागीदारांच्या साथीने हा ट्रॅक उभा केलाय आणि आज पहिली शर्यत आहे. त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, दहा हजारांच्या घरात माणसं लोटली आहेत. एखाद्या मोठ्या जत्रेला लोटावीत तशी. फाँटी फ्लॉक पहिला येतो, तेव्हा तुमच्या शर्टाचा मूळ रंग कोणता होता, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता जमिनीकडे नीट बघा. समोरची सरळ बाजू उताराची आहे, पलीकडची चढाची. एरवी अंडाकृती ट्रॅक एका पातळीत असतो, हा तसा नाही. लोक सांगतात की जमीन सारखी करायला पैसे उरले नाहीत, म्हणून टेकडी होती तशीच ठेवली. पैशांअभावी राहिलेलं हे वेडंवाकडं रूपच पुढे या मैदानाची ओळख झालं. जेमतेम एक किलोमीटरची फेरी; पण उतारावर गाडी सुसाट सुटते आणि वळणाशी आवरता आवरत नाही, चढावर इंजिनाचा कस लागतो. पुढे डांबर आल्यावर, ते जुनं आणि खरबरीत होत गेल्यावर, टायर इथे भराभर झिजू लागले. ज्याने टायर राखले, त्यालाच शेवटच्या फेऱ्यांत हात दाखवता आला.

आता याच भागातला एक कोवळा पोरगा बघा. ज्युनियर जॉन्सन. त्याने पुढे आयुष्यभर सांगितलेली गोष्ट अशी: तो खेचराच्या मागे नांगर धरून शेतात उभा होता. थोरल्या भावाने येऊन सांगितलं, शर्यतीला गाड्या कमी पडताहेत, चल. पोराने नांगर सोडला आणि ट्रॅक गाठला.

१९५० नंतरची एक रात्र

आता त्याच पोराच्या शेजारी गाडीत बसा. गाडी बाहेरून साधी फोर्ड, आतलं इंजिन मात्र वेगळंच. मागे हातभट्टीची दारू खच्चून भरलेली. या डोंगरांत शेतीवर पोट भरत नाही. मक्याची दारू गाळायची आणि रातोरात शहरांत पोचवायची, हा इथल्या कित्येक घरांचा धंदा. वळणावर अबकारी खात्याच्या माणसांनी रस्ता अडवलाय. ज्युनियर वेग कमी करत नाही. गियर बदलतो, चाक फिरवतो आणि गाडी जागच्या जागी उलट तोंड करून आल्या वाटेने सुटते. तुमचं काळीज अजून त्या वळणावरच राहिलंय.

हेच चालक रविवारी मैदानात उतरत. कुणाची गाडी जास्त पळते, याचा निकाल लावायला त्यांना जागा हवी होती. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅस्कार या संघटनेने १९४९ मध्ये स्टॉक, म्हणजे दुकानात मिळतात तशा, गाड्यांची पहिली राष्ट्रीय मालिका घेतली, तिची अखेरची शर्यत १६ ऑक्टोबरला याच मैदानावर झाली. बॉब फ्लॉक जिंकला आणि रेड बायरन त्या मालिकेचा पहिला विजेता ठरला. आज अब्जावधींची उलाढाल असलेल्या खेळाची मुळं या मातीत आहेत.

रस्त्यावर ज्युनियर कधी सापडला नाही. १९५६ साली वडिलांच्या भट्टीपाशी मात्र पकडला गेला आणि अकरा महिने तुरुंगात राहिला. सुटून आला आणि वरच्या मालिकेतले विजय पन्नासपर्यंत नेले. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. इथल्या माणसांना त्या माफीत आपल्या सगळ्या डोंगराची माफी दिसली.

२९ सप्टेंबर १९९६, रविवार

आज जागा मिळणं कठीण आहे. गावाची वस्ती चार हजारांच्या आसपास, आणि मैदानावर त्याच्या दसपटीहून जास्त माणसं. तुम्ही कसेबसे बाकावर टेकता. नॉर्थ विल्क्सबरोची ही त्र्याण्णवावी वरच्या श्रेणीची शर्यत, आणि ती शेवटची असल्याचं इथे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हिशेब साधा आणि निर्दय आहे. वर्षभरातल्या शर्यतींच्या तारखा मोजक्या. तारीख मिळालेल्या मैदानाला प्रेक्षक, प्रायोजक आणि दूरचित्रवाणीचा पैसा मिळतो. १९९५ च्या मे महिन्यात एनॉक स्टेली वारले. वर्षभराच्या आत मैदानाची मालकी दोन धनाढ्य ट्रॅकमालकांत अर्धी-अर्धी वाटली गेली. दोघांनाही हवी होती ती फक्त तारीख. वसंतातली शर्यत टेक्सासच्या नव्या, दीड लाखांवर प्रेक्षक बसतील अशा मैदानाला गेली आणि शरदातली न्यू हॅम्पशायरला. पैशाअभावी वाकडी राहिलेली जमीन मोठ्या पैशाच्या हिशेबात बसली नाही.

शर्यत सुटते. चारशे फेऱ्या. पंचविशीचा जेफ गॉर्डन पहिला येतो, डेल अर्नहार्ट थोरला दुसरा. इथल्या रिवाजाप्रमाणे जिंकलेली गाडी लिफ्टने इमारतीच्या छपरावर चढवतात, टाळ्या पडतात. आणि मग लोक उठतच नाहीत. सूर्य डोंगराआड जातो तरी बाप मुलांना खांद्यावर घेऊन कठड्याशी उभे. तुम्हीही उभे राहा. असं उठवत नाही, ते घरचं माणूस पोचवून परतताना.

मधली वर्षं

इथे भराभर पुढे जायचा मोह होईल. थांबा. काही न घडणारी ही वर्षंच खरी आहेत.

१९९८: कुलूप. २००३: कुलूप. पत्रे सुटताहेत, रंग उडतोय. दोन मालकांत अडकलेलं मैदान कुणालाच चालवता येत नाही. गावातला कामधंदाही याच काळात आटतोय. या गावात जन्मलेल्या लोज् या बलाढ्य दुकानसाखळीचं मुख्यालयही बाहेर गेलं. तरी २००५ च्या सुमारास काही चाहते ‘सेव्ह द स्पीडवे’ नावाने एकत्र येतात. पुढाऱ्यांकडे खेपा, पैसेवाल्यांची शोधाशोध, आणि मैदान मेलेलं नाही हे पुन्हा पुन्हा सांगत राहणं. बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं असेल. २०१० मध्ये भाडेकराराने मैदान उघडतं, खालच्या श्रेणीच्या काही शर्यती होतात. २०११ मध्ये पैसे संपतात, पुन्हा कुलूप.

दोनदा बंद पडलेल्या गोष्टीसाठी तिसऱ्यांदा उभं राहायला वेगळी छाती लागते. तुम्ही असता तर उभे राहिला असता? कुंपणाच्या तारेला बोटं अडकवून आत बघत उभ्या असलेल्या माणसाच्या शेजारी जरा थांबा आणि मनाशी प्रामाणिक उत्तर द्या.

परत २०१९, आणि पुढे

आता त्या डिसेंबरातल्या गवताचा अर्थ लागेल. त्याच महिन्यात, २० तारखेला, ज्युनियर जॉन्सन अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. आपलं मैदान पुन्हा जागं झालेलं त्याला बघता आलं नाही.

मे २०२०. करोनाने जग घरात कोंडलंय, खऱ्या शर्यती थांबल्या आहेत. तुम्ही दूरचित्रवाणी लावता आणि पडद्यावर नॉर्थ विल्क्सबरो दिसतं! साफ केलेल्या डांबराच्या मोजणीतून तयार झालेला संगणकी ट्रॅक, त्यावर देशातले नामवंत चालक. उतार तसाच, चढ तसाच. मैदान विसरलेल्यांना ते आठवतं, न पाहिलेल्या पोरांना ते हवंसं वाटतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात, करोनाकाळातल्या केंद्रीय मदतीतून, या मैदानासाठी १ कोटी ८० लाख डॉलर ठेवले जातात.

३१ ऑगस्ट २०२२, बुधवार संध्याकाळ. आडवारी, कामाच्या दिवशी स्टँड ओसंडून वाहतोय. डेल ज्युनियर स्वतः गाडीत बसलाय, त्याच जुन्या डांबरावर. तो तिसरा येतो, पण त्या रात्री कोण कितवा आला याची मोजदाद कुणी ठेवली असेल, असं वाटत नाही. आणि २१ मे २०२३ च्या रविवारी, नॅस्कारच्या पंच्याहत्तराव्या वर्षात, तुम्ही पुन्हा त्याच बाकावर बसता. वरच्या श्रेणीच्या गाड्या सव्वीस वर्षांनंतर उतारावरून धडधडत येतात. ऑल-स्टार शर्यत काइल लार्सन जिंकतो. १९९६ साली बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर आज तुमच्या शेजारी उभं आहे, स्वतःच्या मुलीला खांद्यावर घेऊन.

मालकांचं मन वळलं, सरकारने पैसे दिले, नामवंत माणसाने शब्द टाकला. हे सारं खरं आणि गरजेचंही. पण हे तिघे आले तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं होतं, याचं श्रेय कुंपणाशी उभ्या राहिलेल्या बिननावाच्या माणसांचं आहे. उतारावर सगळ्यांनाच पळता येतं. मैदान टिकलं, ते चढाच्या बाजूला ज्यांनी दम सोडला नाही त्यांच्यामुळे.

आता तुमच्या काळात, तुमच्या गावात परत या. तिथेही एखादी तालीम असेल, कुस्तीचा आखाडा असेल, जुनं नाट्यगृह किंवा टॉकीज असेल; ज्याच्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे आणि जे ‘आता चालत नाही’ असं सगळे म्हणतात. नॉर्थ विल्क्सबरोला दुसरी संधी मिळाली. बहुतेक मैदानांना ती मिळत नाही. म्हणून कुलूप लागायची वाट पाहू नका. या रविवारी मुलांना घेऊन जा, तिकीट काढा आणि बाकावर बसा.