टेकडी ८८१ दक्षिण: मरीन हेलिकॉप्टरवाल्यांच्या आठवणी

व्हिएतनामचं युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेलिकॉप्टर येतं, आणि बहुधा तो एक फोटो. सायगावमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उभं आहे आणि शिडीवर माणसांची रांग लागली आहे. ही अमेरिकन वकिलात आणि हे मरीनचं हेलिकॉप्टर, असं अनेकदा सांगितलं जातं. दोन्ही चूक. ती इमारत जिया लाँग रस्त्यावरची, राहत्या घरांची होती आणि हेलिकॉप्टर सीआयएच्या ‘एअर अमेरिका’चं. मरीनची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी ऐकल्या तर त्यात आकाश कमी आणि जमीन जास्त सापडते.

मरीन कोअर म्हणजे अमेरिकेची स्थलसेना नव्हे. हे वेगळं दल आहे, आणि त्याची विमानं-हेलिकॉप्टरं त्याची स्वतःची. हेलिकॉप्टर उडवणाऱ्या अनेक अधिकाऱ्यांनी आधी क्वांटिकोला प्लाटून कसा चालवायचा याचं शिक्षण घेतलेलं असे. खाली चिखलात पडलेला रायफलवाला त्यांना परका नव्हता. पुढचं सगळं समजायला एवढं पुरे.

१५ एप्रिल १९६२ रोजी मरीनचं पहिलं हेलिकॉप्टर पथक मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, सॉक त्रांगला उतरलं. यंत्र होतं सिकोर्स्कीचं यूएच-३४. नाकात पिस्टन इंजिन, त्याच्यावर उंचावर बसलेले दोन वैमानिक, खाली दारात मशीनगन घेऊन क्रू चीफ. दिसायला बेढब, आणि सांगाड्यात मॅग्नेशियम असल्यामुळे पेटलं की पेटलंच. पण भरवशाचं. त्याचं जुनं नाव एचयूएस. त्यावरून मरीनच्या बोलीत ‘हस दे’ म्हणजे ‘जरा मदत कर रे’ असा वाक्प्रचार रूढ झाला. सैनिक एखाद्या यंत्राला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र काय देणार?

१९६६ मध्ये त्याच्या जागी सीएच-४६ येऊ लागलं. दोन पंखे, मागे उतरता दरवाजा, दुप्पट ताकद. पण १९६७ च्या उन्हाळ्यात त्याची शेपूट हवेतच तुटू लागली. शत्रूची गोळी नाही, काही नाही; माणसं गेली ती यंत्राच्या दोषानं. ती हेलिकॉप्टरं दुरुस्तीला ओकिनावाला गेली आणि म्हाताऱ्या ३४ नं पुन्हा ओझं उचललं.

आता खे सानकडे येऊ. २१ जानेवारी १९६८ पासून सुमारे सहा हजार मरीन तिथे ७७ दिवस वेढ्यात होते. तळाच्या पश्चिमेला, काही किलोमीटरवर, एक टेकडी होती. उंची ८८१ मीटर, म्हणून नकाशावर नाव ‘८८१ दक्षिण’. कॅप्टन विल्यम डॅबनी आणि त्याचे सुमारे चारशे जवान वर बसलेले. तिथे पाण्याचा थेंब नाही. दारूगोळा, अन्न, पाणी सगळं हेलिकॉप्टरनं यायचं आणि जखमी हेलिकॉप्टरनंच जायचे.

अडचण अशी, की पंख्यांचा आवाज शत्रूलाही ऐकू येतो. हेलिकॉप्टर टेकडीकडे वळलं की मॉर्टरवाले नळीपाशी तयार. चाकं टेकतात न टेकतात तोच खालच्या दरीतून ‘ठक्’ असा आवाज. तिथून काही सेकंद तुमचे. तेवढ्यात खोकी बाहेर, स्ट्रेचर आत, आणि उड्डाण. स्ट्रेचर धरून धावणाऱ्यांना तर खंदक सोडून उघड्यावर यावं लागे. जो हेलिकॉप्टरची वाट पाहतो त्यालाच ते येताना धडकी भरते, ही भावना मला ओळखीची आहे. बर्फातल्या चौकीवर चीता हेलिकॉप्टरची वाट मीही पाहिली आहे. आमच्या डोक्यावर मॉर्टर नव्हते, एवढाच फरक. आणि तो फार मोठा फरक आहे.

त्याच टेकडीवर रोज सकाळी ध्वज चढवला जाई. लेफ्टनंट ओवेन मॅथ्यूज बिगुल वाजवी आणि दोघे धावत जाऊन रेडिओच्या अँटेनाला ध्वज बांधत. सूर संपेपर्यंत दरीतून ‘ठक्’. सगळे खड्ड्यात. गोळे फुटून झाले की कोणीतरी खंदकातून काठीला लावलेलं लाल फडकं हलवायचं. फायरिंग रेंजवर नेम चुकला की त्यांच्याकडे ही खूण करतात; आपल्याकडे ‘वॉशआउट’ म्हणतात तेच. हा वेडेपणा होता का? मला विचाराल तर शिस्त होती. दोन महिने उंदरासारखं बिळात राहणाऱ्या कंपनीला दिवसातून एकदा तरी ताठ उभं राहावं लागतं.

हेलिकॉप्टरं पडू लागली तेव्हा मरीननी २४ फेब्रुवारीला नवा डाव मांडला. नाव ‘सुपर गॅगल’. गॅगल म्हणजे हंसांचा थवा. धुक्यात फट पडली की चू लाईहून डझनभर स्कायहॉक विमानं यायची. ती मॉर्टर आणि विमानवेधी तोफांच्या जागांवर बाँब, नापाम आणि अश्रुधूर टाकायची, मग दोन्ही बाजूंना धुराच्या भिंती उभ्या करायची. त्या बोळातून सीएच-४६ ची रांग गिरक्या घेत उतरायची, पोटाखाली जाळ्यात बांधलेला सुमारे दीड टन माल. माल सोडायचा, जमल्यास जखमी उचलायचे, निघायचं. सोबत सशस्त्र ह्यूई. सगळा खेळ पाचेक मिनिटांचा. पुढच्या महिनाभरात शत्रूच्या माऱ्यात दोनच सीएच-४६ पडली. लष्करी भाषेत हा समन्वय. टेकडीवरच्या माणसाच्या भाषेत, पाणी आलं.

पण युक्ती सगळीकडे चालत नाही. ३१ जानेवारी १९७० रोजी एक मरीन तुकडी भूसुरुंगांच्या शेतात अडकली. अकरा जखमी, एक मृत, उरलेले आठ जागच्या जागी थिजलेले, कारण पाऊल कुठे टाकायचं हेच ठाऊक नाही. हेलिकॉप्टरमधला रेमंड क्लॉसन हा साधा प्रायव्हेट फर्स्ट क्लास. सुरुंग फुटून मोकळ्या झालेल्या जागेत त्यानं वैमानिकाला उतरवलं आणि स्वतः खाली उडी मारली. एकदा नाही, सहा वेळा तो त्या शेतात गेला. एका फेरीत तो जखमीला वाहून आणत असताना आणखी एक सुरुंग फुटला आणि एक वैद्यकीय सहायक ठार झाला. तरी तो पुन्हा गेला. सगळे आत आल्यावरच त्यानं उड्डाणाची खूण केली. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्या दिवशी खाली थांबून राहिलेल्या वैमानिकाचं नाव फारसं कोणी घेत नाही. सुरुंगांमध्ये पंखे फिरवत, हातांना काही काम नसताना बसून राहणं ही काय चीज असेल, याचा विचार जरूर करा.

आणि मग सायगाव, २९ आणि ३० एप्रिल १९७५. या वेळी मरीनची हेलिकॉप्टरं खरोखरच वकिलातीच्या गच्चीवर उतरत होती. कॅप्टन जेरी बेरी रात्रभर समुद्रातल्या जहाजांकडे फेऱ्या मारत होता. पहाटे तो गच्चीवर उतरला आणि त्यानं निरोप पाठवला: राजदूत चढल्याशिवाय हे हेलिकॉप्टर हलणार नाही. उभी हयात चाकं टेकताच निघायची घाई करणारा माणूस त्या दिवशी मुद्दाम बसून राहिला. ४ वाजून ५८ मिनिटांनी राजदूत ग्रॅहॅम मार्टिन यांना घेऊन तो उडाला.

राजदूत गेले, म्हणजे सगळे निघाले असा समज झाला. गच्चीवर मात्र अकरा मरीन उरले होते. खाली गर्दी, पूर्वेला उजाडलेलं, आणि आकाशात आवाज नाही. दोनेक तासांनी एक सीएच-४६ आलं. ७ वाजून ५३ मिनिटांनी ते निघालं. शेवटी चढला मास्टर सार्जंट हुआन वाल्देझ.